मागल्या भाऊबीजेचं गाणं

गाणं बोलपटातलं होतं, आणि बोलपटातल्या गाण्यांचा मला राग होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी असं म्हणायला नको की याला आता शहाणपण सुचलं आणि हा जुनं रंगवून सांगतोय. राग खरा होता आणि त्याला कारणं होती. राज्य निजामाचं. गावोगावी शाळा नाहीत, आहेत तिथं मराठी नाही, तोंड उघडलं तर अमीन, म्हणजे आमच्याकडचा फौजदार, दारात उभा. आणि जालन्याच्या बाजारात धडधाकट माणसं चहाच्या हॉटेलासमोर उभी राहून कर्ण्यातून येणारी हिंदी गाणी ऐकतात. मला वाटायचं, एकेकाला खांद्याला धरून हलवावं.

हे गाणं दिवाळीचं होतं. नाव सांगत नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल, कारण त्या दोन-तीन वर्षांत ते ऐकलं नाही असा माणूस जालना-भोकरदनच्या वाटेवर सापडला नसता. लग्नात बाजावाले ते वाजवायचे, पोळ्याला बैलांपुढं वाजवायचे, एकदा तर एका म्हाताऱ्याच्या तेराव्याला पंगतीत कोणीतरी ते शिटीवर धरलेलं मी ऐकलंय. चाल उडती. ठेका असा की पाय आपोआप हलतो. माझाही हलायचा. मग मी तो दाबून धरायचो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, कुंभार पिंपळगावला दिलेली. आम्ही पिंपळगाव रेणुकाईचे. ती म्हणायची, "एका पिंपळगावातून उचलली आन् दुसऱ्या पिंपळगावात नेऊन ठेवली. गाव बदललं म्हणून कोणाला कळलंच न्हाई, मलाच तेवढं कळलं." दोन्ही गावांच्या मध्ये दोन दिवसांची वाट. तिच्या गावाहून परतूरपर्यंत बैलगाडी, तिथून जालन्यापर्यंत आगगाडी, पुन्हा भोकरदनच्या वाटेनं बैलगाडी. म्हणून माहेर वर्षातून एकदा, दिवाळीला. आणायला मी जायचो.

देश सुटायच्या आदल्या दिवाळीला तिला घेऊन जालन्याच्या स्टेशनावर उतरलो. स्टेशनासमोर एका मुसलमान चाचांचं हॉटेल होतं. तीन बाकं, एक भट्टी आणि दारात मोठ्या कर्ण्याचा ग्रामोफोन. बायका हॉटेलात बसत नाहीत, म्हणून आक्का बाहेर लिंबाखाली ट्रंकेवर बसली आणि मी आत चहा घेतला. तबकडीवर तेच गाणं. संपलं तसा मी उठलो, तर आक्का दारात.

"भाऊ, त्यांना म्हण ना, आणखी एक बार लावा म्हणून."

"गाडीवाला खोळंबलाय, आक्का."

"गाडीवाला बिडी ओढून राह्यला. आन् बैलांना काय जल्दी हाय?"

मी नाही म्हणालो. चाचांनी ऐकलं. "अरे मियाँ, बहन बोल रई, सुनने देव ना उसकू," म्हणाले, आणि त्यांनी चावी भरली, जुनी सुई काढून नवी बसवली, आणि कर्ण्याचं तोंड फिरवून लिंबाकडं केलं. मी तिथंच उभा राहिलो, रागानं. आक्का ट्रंकेवर बसून ऐकत होती. पदर तोंडावर ओढलेला. मला वाटलं लाजून ओढलाय.

पुऱ्या वाटेनं ती ओठांतल्या ओठांत गाणं जुळवत होती. शब्द अडला की मला विचारायची, कारण माझी सगळी शाळा उर्दूत झालेली. मराठी मी शिकलो ती घरी, आणि नंतर पत्रकं लिहून. "या शब्दाचा माइना काय रे?" ती विचारायची. मी म्हणायचो, "मला ठाऊक न्हाई." ठाऊक होतं.

भाऊबीजेला मी टोपी घालून पाटावर बसलो. आक्कानं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, आणि निरांजन ओवाळताना दरवर्षीची ओवी सोडून हे गाणं धरलं. हळू धरलं. उडती चाल मोडून टाकली होती, ठेका काढून टाकला होता, आणि माझ्या तोंडाकडं बघत एकेक शब्द म्हणत होती. माय चुलीपाशी बसून कौतुकानं बघत होती.

मी पाटावरून उठलो. ओवाळणं पुरं व्हायच्या आत पाट सोडायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी उठलो आणि भाषण ठोकलं.

"माणसं तुरुंगात सडून राह्यलीत आन् तू बोलपटातल्या बाईचं गाणं म्हणतेस? हे गुलामांचं गाणं हाय. पोट भरलेल्या गुलामांचं!"

आक्का ताट धरून तशीच उभी. मी थांबल्यावर म्हणाली, "झालं का? बस मंग. वात चालली विझून."

बसलो. उरलेलं तिनं मुक्यानं ओवाळलं. मी ताटात खादीचा खण टाकला, माझ्या हातच्या सुताचा. तिनं तो बोटांनी चाचपला. "खण हाय का गोणपाट?" माय हसली. आक्काही हसली. मला वाटलं प्रकरण मिटलं. तिला सासरी पोचवेपर्यंत तिनं ते गाणं माझ्यासमोर पुन्हा गुणगुणलं नाही, हे माझ्या लक्षात आलं, आणि मला ते चांगलंच वाटलं. पत्रकाशिवाय एक माणूस सुधारलं.

पुढच्या पावसाळ्यात देश सुटला. आम्ही सुटलो नाही. आगगाडीत बसून तीन-चार तासांत स्वातंत्र्यात जाता येत होतं, आमच्या गावाहून तर पायी जाता येत होतं, वऱ्हाडची हद्द शिवारापलीकडं. मी चावडीवर झेंडा लावला आणि संध्याकाळी तीच वाट धरली. हद्दीपलीकडं कापसाच्या एका रिकाम्या गोदामात आमची छावणी होती. बाकीच्यांना बाकीची कामं होती. मला पत्रकं. आमच्या छावणीचे प्रमुख एक म्हातारे शाळामास्तर होते, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. "याचं अक्षर चांगलं आणि तोंड वाईट," ते म्हणायचे, "याला कागदावरच ठेवा."

दिवाळी आली. मी पत्रक लिहिलं. ही दिवाळी काळी. आपले भाऊ कोठडीत असताना कोणीही सण करू नये. फराळ करू नये, पणती लावू नये, आकाशदिवा टांगू नये, घरात निरांजनसुद्धा पेटवू नये.

गुरुजींनी स्टेन्सिल वाचली. "निरांजन राहू दे रे. देवापुढची वात कोणी विझवत न्हाई. आणि सगळीकडं दिवे असताना एक विझलेलं घर लांबूनसुद्धा बराबर दिसतं."

"दिसू द्या. दिसायलाच पाहिजे."

"तुला न्हाई, अमिनाला दिसल."

"गुरुजी, पत्रकात सवलत दिली की पत्रक मेलं."

त्यांनी स्टेन्सिल माझ्या हातात परत दिली. मी वाद जिंकला असं समजलो. आणि जिंकल्याच्या जोरावर खाली एक ओळ पदरची घातली. बोलपटातली गाणी गाऊन ओवाळणाऱ्या बहिणींनी आधी भावाला विचारावं, तू कोणाचा गुलाम आहेस? ती ओळ कोरताना माझ्या डोळ्यांसमोर बहिणी नव्हत्या. एकच होती. मला वाटलं, तिच्यापर्यंत कुठलं पोचतंय. पत्रकं कडब्याच्या पेंढ्यांत बांधून गेली. खाली नाव नव्हतं. पत्रकाला नाव नसतं.

भाऊबीजेच्या दिवशी छावणी रिकामी झाली. ज्यांच्या बहिणी वऱ्हाडात होत्या ते टोप्या धुऊन निघून गेले. गुरुजीसुद्धा गेले. मी गोदामात बसून राहिलो. दुपारपर्यंत कागद नीट लावले, छपाईचा रूळ पुसला, पुन्हा कागद लावले. मग बसवेना म्हणून बाजाराच्या गावाकडं चालत निघालो.

तिकडची दिवाळी पहिली होती, स्वातंत्र्यातली. घरोघर तोरणं. कापडाच्या एका दुकानानं कर्णा रस्त्यावर काढला होता आणि त्यातून तेच गाणं. मी वळून जायला पाहिजे होतं. पण जायला दुसरीकडं कुठंच नव्हतं. गावाबाहेरच्या पुलाच्या कठड्यावर बसलो, तिथंही ते ऐकू येत होतं. ठेका मात्र येत नव्हता, तो गावातच राहत होता. नुसता बाईचा आवाज आणि शब्द. मी पहिल्यांदा ते शब्द ऐकले. उर्दू शिकलेल्या माणसाला लाज वाटावी इतके सोपे शब्द. सगळ्यांच्या दारात सण आलाय आणि ती बाई म्हणतेय की माझ्या दारात कोणी आलं नाही, मी दिवा लावू तो कोणासाठी. पुरं गाणं तेवढंच आहे. सगळा मुलूख त्यावर नाचत होता. आणि माझी बहीण, वर्षातून एकदा आठ दिवस बोलायला मिळणारी, माझ्यासमोर उभी राहून, ठेका काढून, आपल्या सासरच्या दाराचं ते मला सांगत होती. मी तिला गुलाम म्हणालो.

दिवस बुडाला. मावळतीला बिजेची कोर दिसली, नखाएवढी. माझ्या मनात आलं, आता आक्का अंगणात आली असेल. ज्या बहिणीचा भाऊ जवळ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, तो तिचा त्या दिवसापुरता भाऊ. मी टोपी सरळ केली आणि कोरीकडं तोंड करून बसलो. हसायचं असेल तर हसा.

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई पुलावरून चालली होती. थांबली.

"कोनाची वाट पाहून राह्यले, भाऊ?"

"कोणाची न्हाई."

"बहीण हाय?"

"हाय. तिकडं, निजामात."

"मंग बसा. ओवाळत असन ते चांदाले." तिनं कमरेच्या फडक्यातून करंजी काढली. "घ्या. भाऊबीजेले कोरड्या तोंडानं बसू नये मानसानं."

मी नको म्हणालो. फराळ करू नये, असं मीच लिहिलं होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. बाई म्हणाली, "लय मोठे दिसता," आणि निघून गेली. कोर बुडेपर्यंत मी तिथंच होतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात मी एकटा नव्हतो, असं मला खरंच वाटलं. तेवढ्यावर मी पुढचं वर्ष काढलं. घरी खबर पाठवली ती होळीनंतर. छावणीत खबरा पाठवायला मनाई होती, असं मी सांगत आलोय. मनाई होती. पण बाकीचे पाठवतच होते.

यंदाच्या भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. दिवाळीला मी आक्काला आणायला गेलो. सासूनं गूळपाणी दिलं, तिच्या सासऱ्यांनी, मामंजींनी, पाठ थोपटली. आक्का वाळली होती. आगगाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली. मी पुऱ्या वर्षाची कहाणी सांगितली, ती "हं, हं" करत राहिली.

जालन्याला उतरलो तर चाचांच्या हॉटेलाला कुलूप. दाराच्या फटीतून बघितलं, तर बाकं नाहीत, भट्टी नाही, जमिनीवर तिची काळी जागा. टांगेवाल्याला विचारलं, "चाचा कुठं गेले?"

"गेले."

"कुठं पण?"

"गेले म्हणलं ना, मालक." तो घोड्याचा तंग आवळायला लागला. आवळलेलाच होता.

शेजारचा पानवाला म्हणाला, हैदराबादला. दुसरा एक म्हणाला, कशाचं हैदराबाद, आणि खाली बघायला लागला. आक्का लिंबाखाली जाऊन उभी राहिली, मागं ट्रंकेवर बसली होती तिथंच.  त्या भादव्यात मुसलमानांचं जे झालं त्यावर मला कोणी पत्रक लिहायला सांगितलं नाही. मी आपण होऊनही लिहिलं नाही. लिहायला पाहिजे होतं.

गाडी भोकरदनच्या वाटेला लागली तेव्हा मी म्हणालो, "म्हण की ते गाणं." माझ्या परीनं ती माफी होती. आणखी कशी मागतात ते मला येत नाही.

"कोणतं?"

"तेच. दिवाळीचं."

"पत्रकात नको म्हटलंय ना तू."

"कोणतं पत्रक?"

"असू दे, भाऊ. मामंजींनी वाचून दाखवलं तर दुसऱ्या ओळीलाच वळखलं मी. तू असाच बोलतोस. समोर माणूस बसलंय का न्हाई ते न बघता." ती बैलांकडं बघत बोलत होती. "आन् खालची ओळ तर माझ्याच नावाची होती. चिठ्ठी आल्यावानी वाटलं. म्हटलं, जित्ता हाय."

 मी विचारलं, "गावानं पाळलं का पत्रक?"

"कोण पाळतंय! घरोघर दिवे. उलट दरवर्षीपेक्षा जास्ती. कोणाला पत्रकवाल्यांतला म्हणून नाव लागायला नको होतं. आमचंच घर काळं."

"एकटंच? कोणी सांगितलं होतं असं करायला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "तू."

 ती पुढं बोलायला लागली ती सलग.

"मामंजी म्हणले, सूनबाई, एक पणती ठेव उंबऱ्यात, लांबून उठून दिसतंय. मी म्हटलं, न्हाई. माझ्या भावाचा शब्द माझ्याच घरी मोडायचा का? पहिल्यांदा तोंड वर करून बोलले त्यांना. भाऊबीजेला दिवेलागणीला ताट केलं. कुंकू, अक्षता, सुपारी. निरांजन न्हाई. म्हटलं, चांदाला नुसतं ताट दाखवू. तेवढ्यात अमीन आल्ता. दोन शिपाई. सब के घर में चिराग, तुम्हारे घर में क्यों नहीं? मामंजींची दातखीळ बसली. मंग मी बोलले."

"काय बोललीस?"

"म्हटलं, सुतक हाय. माझा भाऊ मेला."

गाडीवाल्यानं मान वळवून आमच्याकडं बघितलं आणि परत फिरवली.

"ताटातलं कुंकू त्याच्यादेखत मोरीत सांडलं, त्याला खरं वाटावं म्हणून. अमीन म्हणला, माफ करना, बाई. टोपी काढली त्यानं, भाऊ. तुझ्यासाठी."

सुनेच्या भावाचं सुतक तिच्या सासऱ्याच्या घराला लागत नाही. कुठलीही म्हातारी सांगेल. अमिनाला ते ठाऊक नव्हतं, म्हणून ते घर वाचलं. माझ्या पत्रकानं नाही. माझ्या पत्रकानं अमीन आणला.

"सासूबाई म्हणतात, मेल्याची खोटी आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं," आक्का म्हणाली. "वाढत असल. पण मी ते भाऊबीजेला म्हटलं. चांद वर असताना म्हटलं. आन् तुझी खबर आली होळीनंतर. तवर मी रोज हेच मनात घोकून राह्यले, की माझ्याच तोंडानं तर..." तिनं पदर तोंडावर ओढला. या वेळी मला लाजेचा घोटाळा झाला नाही.

मी तिला पुलाचं सांगितलं नाही. टोपी सरळ करून मी ज्या कोरीकडं बघत बसलो होतो, त्याच वेळी तिच्या अंगणात मी मेलो होतो. हे सांगून काय उपयोग होता?

परवा भाऊबीज झाली. दारात पणत्या होत्या, मीच लावल्या. दिवेलागणीला पाटावर बसलो. आक्कानं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, निरांजन ओवाळलं. मुक्यानं. ओवीसुद्धा नाही. मी ताटात खण टाकला, बाजारचा, जरीकाठी. तिनं तो चाचपला नाही. मग तिनं वातीत तूप घातलं आणि ताट घेऊन दाराकडं निघाली.

"कुठं चाललीस गं?" माय म्हणाली.

"मागल्या वर्षीचं राह्यलंय."

"अगं, भाऊ पाटावर बसलेला असताना चांदाला कोणी ओवाळतं का? लोक काय म्हणतील!"

"मागल्या वर्षी नव्हता बसलेला," आक्का म्हणाली आणि अंगणात गेली.

मला दारातून ती दिसत नव्हती. ताटाचा उजेड तेवढा भिंतीवर खालीवर होत होता. मग गाणं ऐकू आलं. ठेका नाही, उडती चाल नाही. एकेक शब्द सावकाश, कोणाला तरी नीट समजावा म्हणून म्हणतात तसा. ज्या शब्दाचा अर्थ मी तिला सांगितला नव्हता, तिथं ती थोडी अडली आणि पुढं गेली. ते माझ्यासाठी नव्हतं. जो मेला होता त्याच्यासाठी होतं, किंवा जो वर होता त्याच्यासाठी. मी पाटावर, कपाळाला कुंकू, समोर रिकामी रांगोळी.

मायनं विचारलं, "उठतोस का? फराळाचं वाढते."

मी म्हणालो, "थांब. ओवाळणं पुरं व्हायचंय."